शितावरून भात, चेंडूवरून बॉलर

घोटीत जन्मलेल्या माणसाला दोन गोष्टी शिकवाव्या लागत नाहीत. एक, तांदूळ ओळखणं. दोन, भारताचे फास्ट बॉलर जोखणं. पहिलीची शाळा राइस मिलमध्ये भरते, दुसरीची महामार्गाकडेच्या चहाच्या टपरीवर. बदली होऊन आलेल्यांची, नवीन जावयांची मात्र पंचाईत होते. तांदळाचं ते कसंबसं निभावतात, पण क्रिकेटच्या चर्चेत तोंड उघडलं की पितळ उघडं पडतं. हे टिपण त्यांच्यासाठी.

साहित्य फार लागत नाही. एक कटिंग, एक मोबाईल (शक्यतो दुसऱ्याचा), आणि दहावीला असताना आपणही फास्टर होतो ही ठाम खात्री. ही खात्री येते खाचरातून. भात निघाला की खाचरातच पीच होतं, बांध झाला बाउंड्री. टेनिसचा बॉल धसकटावर पडला की हवा तिकडे वळतो. त्या धसकटाचं श्रेय बॉलरने घ्यायचं, असा इथला नियम आहे. त्यामुळे घोटीतल्या प्रत्येकाने आयुष्यात एकदा तरी इनस्विंगर टाकलेला असतो.

आता वेग. आधी स्टेशनात जाऊन उभे राहा. इथे न थांबणारी एखादी मेल धडधडत जाऊ द्या. ती ताशी शंभराच्या आतबाहेर असेल. धूळ बसली की मनाशी म्हणा, बुमराचा चेंडू हिच्यापुढे. एवढं केलंत तरी टपरीवरच्या निम्म्या तज्ज्ञांपेक्षा तुमचा पाया पक्का झाला.

पडद्यावर येणारा आकडा रडारचा असतो. जोरात गाडी हाकणाऱ्याला पोलीस ज्या जातीच्या यंत्राने पकडतात, तीच ही जात. तो आकडा चेंडू हातातून सुटतानाचा असतो. बॅटपर्यंत येईतो हवा आणि टप्पा मिळून त्यातला बराच वेग खातात. तरी ताशी १४० ने सुटलेल्या चेंडूला पोचायला अर्धा सेकंद पुरतो. तेवढ्यात फलंदाजाने टप्पा ओळखायचा, पाय हलवायचा, बॅट आणायची. आपल्याला तेवढ्या वेळात कपातली माशीसुद्धा दिसत नाही.

हे यंत्र कधीकधी चळतंही. २०२२ मध्ये आयर्लंडमध्ये भुवनेश्वर कुमारच्या चेंडूला त्याने ताशी २०८ किलोमीटर दिले. भुवनेश्वर म्हणजे १३० च्या घरातला गुणी माणूस. २०२४ च्या डिसेंबरात ॲडलेडला सिराजच्या नावावर १८१.६ पडले. शोएब अख्तरचा २००३ चा १६१.३ हा विक्रम अजून उभा आहे, यावरून काय ते समजा. टपरीचा नियम सोपा आहे: आपल्या बॉलरचा आकडा फुगला तर मुलगा तयारीचा, स्टार्कचा फुगला तर यंत्र बिघडलं.

खरी कसोटी मात्र वकूब ओळखण्याची, म्हणजे कोण पुढे जाईल ते सांगण्याची. त्यासाठी गावाकडे तयार म्हण आहे: शितावरून भाताची परीक्षा. एक चेंडू बघा, निकाल द्या. निकाल तीनच, पाठ करून ठेवा: ‘याच्यात दम आहे’, ‘लाइन-लेंथ नाही’ आणि ‘हा संपला’. तिन्ही निकाल एकाच बॉलरला एकाच षटकात देता येऊ लागले की तुम्ही घोटीकर झालात.

अडचण एवढीच की भाताच्या पातेल्याला एकच चूल असते. बॉलर रोज वेगळ्या चुलीवर चढतो. आपल्या शेजारच्याच जिल्ह्यातल्या श्रीरामपूरचा झहीर खान घ्या. २००३ च्या विश्वचषक फायनलमध्ये त्याच्या पहिल्याच षटकात १५ धावा गेल्या. २०११ च्या फायनलला वानखेडेवर त्याच झहीरने पहिल्या ५ षटकांत ३ निर्धाव टाकून फक्त ६ धावा दिल्या. आणि त्याच दिवशी १० षटकं संपली तेव्हा हिशेब झाला ६० धावांचा. आता बोला, शीत कुठलं काढणार?

२०२२ च्या आयपीएलमध्ये उमरान मलिकने १५७ गाठला, २०२४ मध्ये मयंक यादवने १५६.७. दोन्ही वेळा टपरीवर पेढ्यांची भाषा झाली. पुढे उमरानच्या धावा रोखल्या जाईनात आणि मयंकचं अंग साथ देईना. फास्ट बॉलिंगमध्ये पहिलं मोडतं ते पाठीचं हाड. बुमराच्या पाठीवरही २०२३ मध्ये शस्त्रक्रिया झाली. तेव्हा नवशिक्याने रनअप, खांदा, मनगट जरूर बघावं, पण पाचव्या दिवशी तिसऱ्या स्पेलला तो कसा चालत येतो तेही बघावं. (पांडुरंग साळगावकर किती वेगवान होते यावर जुनी मंडळी आजही वाद घालतात. तेव्हा रडार नव्हतं आणि साळगावकर कसोटी खेळलेच नाहीत, त्यामुळे वाद मिटायची भीती नाही.)

नुसता वेग पुरत नाही, हे आपल्याकडच्या माणसाला खरं तर कसारा घाटाने शिकवायला हवं होतं. ३७ फुटांना एक फूट असा तिथला चढ. कसाऱ्याला गाडीला मागून बँकर इंजिनं लावतात, ती ढकलत इगतपुरीपर्यंत आणतात आणि तिथे सुटतात. गाडीतल्या लोकांना फक्त पुढचं इंजिन ठाऊक. बुमरा पुढचं इंजिन आहे, यात वाद नाही. कसोटीत २०० बळी विसाच्या आतल्या सरासरीने घेणारा तो पहिलाच. पण २०२५ च्या इंग्लंड दौऱ्यात तो पाचपैकी तीन कसोट्या खेळला, आणि भारत जिंकला तो नेमका उरलेल्या दोनमध्ये. सिराज पाचही खेळला. मालिकेत त्याने १,११३ चेंडू टाकले आणि २३ बळी घेतले.

ओव्हलच्या शेवटच्या कसोटीत चौथ्या दिवशी, रविवारी, इंग्लंडचा ब्रुक १९ वर असताना सिराजने त्याचा झेल घेतला आणि पाय सीमारेषेवर टेकवला. ब्रुक १११ करून गेला. आमच्या टपरीवर तिसरा निकाल तेव्हाच लागला होता, एकमताने. मीही हात वर केला होता. सोमवारी, ४ ऑगस्टला, इंग्लंडला फक्त ३५ धावा हव्या होत्या. इकडे टपरीबाहेर पाऊस कोसळत होता, म्हणून चौघंच होतो. तासाभरात उरलेल्या चारपैकी तीन बळी सिराजने घेतले आणि भारत ६ धावांनी जिंकला. शेवटच्या यॉर्करने ॲटकिन्सनचा स्टंप उखडला. त्या चेंडूचा वेग किती होता, ते मला विचारू नका. आकड्याकडे कुणी बघितलंच नाही.