एक खोली सोडून

घर भाड्याने देणाऱ्यांच्या ज्या नाना जाती या भूमीवर नांदतात, त्यांपैकी अनामत रक्कम खिशात पडताच अंतर्धान पावणारा, महिन्याच्या पहिल्या तारखेस दूधवाल्याच्याही आधी दारात उभा राहणारा, आणि गळक्या छपराचा विषय निघाला की ज्याला एकाएकी कमी ऐकू येऊ लागते तो, या तिघांविषयी भाडेकरूंनी आजवर पुष्कळ आक्रोश केलेला आहे. परंतु कर्जत लोकलने रोज मुंबई गाठणाऱ्या चाकरमान्याची ज्याच्याशी हटकून गाठ पडते, आणि ज्याच्या घरात वर्षानुवर्षे राहूनही आपण येथे यजमान आहोत की पाहुणे याचा निकाल लागत नाही, त्या चौथ्या जातीची योग्य ती दखल कोणी घेतल्याचे माझ्या पाहण्यात नाही. हा गृहस्थ आपले वडिलोपार्जित घर देतो, चांगल्या मनाने देतो, भाडेही वाजवी सांगतो. फक्त एक खोली सोडून देतो.

त्याचे पाळण्यातले नाव काहीही असो, पंचक्रोशीत त्याला अण्णा म्हणतात. माझ्या वाट्याला असे तीन घरमालक आले. दोघे अण्णा होते, एक आप्पा. खाली जे चित्र काढीत आहे त्यात तिघांचेही रंग मिसळले आहेत, तेव्हा कोणा एकाने ते अंगाला लावून घेऊ नये.

कल्याण सोडून गाडी कर्जतच्या अंगाला लागली, की डब्यातली गर्दी हप्त्याहप्त्याने ओसरत जाते. बदलापूरला उभ्या माणसांना बसायला मिळते, वांगणीला बसलेल्यांना पाय पसरता येतात, आणि १९०७ सालापासून माथेरानचा डोंगर चढणाऱ्या त्या चिमुकल्या गाडीकडे ढुंकूनही न पाहता नेरळकर उतरून गेले, की पुढच्या भिवपुरी रोडपर्यंत खिडकीत आपण आणि बाहेर भातखाचरे एवढेच उरतात. रेल्वेने ज्या स्थानकाच्या नावाला ‘रोड’ हे शेपूट जोडले आहे तेथे उतरणाराने मूळ गावाची आशा सोडावी, कारण नाव ज्याचे घेतले ते भिवपुरी तेथून चांगलेच लांब आहे. पण आम्हांला तिकडे जायचेच नव्हते. स्थानकाच्या अलीकडेच, रुळांपासून पायी दहा-बारा मिनिटांवर, पश्चिमेला माथेरानची भिंत आणि पूर्वेला उल्हास नदी अशा बेचक्यात एक वस्ती आहे. तिच्यात पडवी, ओटी, माजघर, मागे न्हाणी, विहीर, तुळशीवृंदावन आणि फणस असे ते घर होते. डोंबिवलीच्या दोन खोल्यांत शेजारच्या मिक्सरवर आपली सकाळ काढलेल्या माझ्या पत्नीने मागील दारची विहीर पाहिली मात्र, आणि भाड्याची घासाघीस करण्याचा माझा हक्क तत्क्षणी संपुष्टात आला.

अण्णांनी घर दाखवले ते पुजाऱ्याने देऊळ दाखवावे तसे: कोठे वाकावे, कोठे थांबावे, कोणत्या उंबऱ्यावर पाय देऊ नये, हे सांगत सांगत. माजघराच्या डाव्या हाताला एका दाराशी ते आपोआप भरभर चालू लागले. त्या दाराला पितळेचे, मुठीएवढे कुलूप होते. ‘ही एक सोडून,’ ते म्हणाले, आणि नंतर जरा मवाळपणे, ‘अडगळ आहे हो. बाकी सगळं घर तुमचंच समजा.’

त्यानंतर चौकशी झाली. आडनावाने समाधान झाले नाही तेव्हा मूळ गाव विचारले, त्यानेही भागेना तेव्हा कुलदैवत कोणते ते विचारले, आणि अखेरीस स्वयंपाकघराच्या चुलवणाकडे पाहत, जणू काय तेच विचारीत आहे अशा सुरात, ‘घरात काय काय शिजतं?’ असा प्रश्न आला. ‘सहज विचारलं, आमचं तसं काही नसतं,’ ही पुस्ती अर्थातच जोडली गेली. ज्यांचे तसे काही नसते तीच मंडळी हा प्रश्न इतक्या तपशिलाने विचारतात, आणि ज्याचे उत्तर पसंत पडत नाही त्याला घर दाखवण्याच्या दिवशी नेमकी किल्ली हरवते, हे माझ्या एका मित्राबरोबर घरे पाहत हिंडताना मी अनेकदा पाहिलेले आहे. अण्णांची किल्ली त्या दिवशी हरवली नाही, याचे श्रेय माझ्या गुणांना नाही.

खोली का सोडली, याचा उलगडा करारनाम्याच्या दिवशी झाला. अण्णांच्या चुलत्यांची गिरगावात चाळ होती. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने प्रमाण भाडे १ सप्टेंबर १९४० च्या दरात नेऊन खिळवले, आणि चुलत्यांच्या डोक्याचे केस, दारावरचा रंग व चाळीचे जिने हे सर्व एकापाठोपाठ गेले तरी भाडे काही जागचे हलले नाही. पुढे लोकांनी ‘लिव्ह अँड लायसन्स’ची पळवाट काढली, तर सरकारने १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे जे लायसन्सवाले घरात होते त्यांनाही भाडेकरू करून टाकले. भिक्षुकाला तिथी पाठ असाव्यात तशा या तारखा अण्णांना पाठ होत्या, आणि घर हातचे जाऊ नये म्हणूनच एक खोली ते आपल्या कुलपात ठेवीत. तो कायदा आपल्या वस्तीला कधी लागू होता की नव्हता याची त्यांनी कधीच तपासणी केली नव्हती. १९९९ च्या नव्या कायद्याने घरमालकाला पुष्कळ धीर दिला आहे, मुदत संपून घर न सोडणाऱ्याकडून दुप्पट दराने भरपाई घेण्याची सोय कलम २४ मध्ये आहे, हे मी समजावू लागलो तेव्हा त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, की कलमाचा आकडासुद्धा पाठ असणारा भाडेकरू घरात घेणे कितपत शहाणपणाचे, हा विचार त्यांच्या कपाळावर मला स्पष्ट वाचता आला.

‘लिव्ह’ या शब्दाचा अर्थ येथे परवानगी असा आहे. अण्णांची मात्र अशी पक्की समजूत होती, की तो शब्द भाडेकरूला उद्देशून असून त्याचा अर्थ ‘निघा’ असा होतो, आणि कागदाच्या मथळ्यावरच ही ताकीद सरकारने छापून दिल्याबद्दल ते कृतज्ञ होते. मुदत अर्थातच अकरा महिन्यांची. वर्षावरील भाडेपट्ट्याला नोंदणी लागते म्हणून पूर्वी अकराचा प्रघात पडला. आता महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सचा कागद कितीही मुदतीचा असो, नोंदवावाच लागतो आणि ती जबाबदारीही घरमालकाची असते, तेव्हा अकराचे कारण केव्हाच गेले. अकरा मात्र सोवळ्यासारखे पाळले जातात.

नोंदणीसाठी एक तरुण लॅपटॉप, कॅमेरा आणि अंगठ्याचे यंत्र घेऊन पडवीत येऊन बसला. मुद्रांक पाव टक्का, खेड्याची नोंदणी फी ५०० रुपये, त्याची स्वतःची फी निराळी, असा हिशेब त्याने एका दमात सांगितला. अण्णांनी तोंडी मसुदा सुरू केला: ‘पूर्वेस माजघर, पश्चिमेस न्हाणी, दक्षिणेस फणस, येणेप्रमाणे चतुःसीमा असलेली एक खोली व सदर फणस खेरीजकरून...’ तरुण म्हणाला, ‘काका, फॉर्ममध्ये फणसाला कॉलम नाही.’ पंधरा मिनिटांच्या वाटाघाटीनंतर खोली, फणस आणि ‘भिंतीस खिळा ठोकणार नाही’ ही तीन कलमे ‘इतर अटी’ या रकान्यात एकत्र नांदू लागली.

मग अंगठे. माझा अंगठा पहिल्याच खेपेला उमटला. अण्णांचा उमटेना. त्यांनी तो धोतराला पुसला, ओल्या फडक्याने पुसला, तरुणाच्या सांगण्यावरून केसांच्या तेलावर घासला; परंतु सत्तर वर्षे विहिरीचा दोर ओढून आणि रेल्वेच्या कारखान्यात पाना फिरवून गुळगुळीत झालेल्या त्या अंगठ्यात यंत्राला कोणीच दिसेना. ज्या माणसाने माझ्याकडून आधार, पॅन, नोकरीचा दाखला, जुन्या घरमालकाची चिठ्ठी आणि दोन जामिनांची नावे वसूल केली होती, तो स्वतःच्या पडवीत, स्वतःच्या वडिलांच्या तसबिरीखाली बसून आपण आपण आहोत हे सिद्ध करू शकत नव्हता, आणि दहा मिनिटे, निदान सरकारी दप्तरापुरता, त्या घरात अस्सल इसम मी एकटाच होतो. अखेर डाव्या हाताच्या करंगळीने लाज राखली.

तसबिरीचा उल्लेख झालाच आहे तर सांगतो: ती आमच्या भाड्यात समाविष्ट होती. ‘त्यांना हलवता येणार नाही,’ असे अण्णा म्हणाले, ते वडिलांच्या प्रकृतीविषयी बोलावे तसे. घरात एकंदर तीन खिळे. एकावर वडील, एकावर कालनिर्णय, आणि तिसरा अण्णांच्या सदऱ्यासाठी मोकळा ठेवायचा. हो, सदऱ्यासाठी, कारण दर रविवारी अण्णा येत.

‘येऊ का?’ हा प्रश्न ते माजघरात पोहोचल्यावर विचारीत. पत्नीला त्यांनी पहिल्याच रविवारी ‘सूनबाई’ म्हटले, आणि त्या एका संबोधनासरशी चहा, आले घातलेला चहा आणि उन्हाळ्यात पन्हे एवढे हक्क विनाकरार प्रस्थापित झाले. मग ते तुळशीला पाणी घालीत, विहिरीत डोकावून पाणी किती आहे ते जाहीर करीत, नळ्यांची कौले मोजीत. माझ्या मुलाला पाढे विचारीत आणि तो चुकला की माझ्याकडे पाहत. अखेर कमरेची किल्ली काढून त्या खोलीत शिरत आणि दार लावून घेत. तासभर आतून आवाज नसे. आम्ही दोघे आपापल्या परीने तर्क करीत असू. मला वाटे दस्तऐवज तपासतात, पत्नीला वाटे दागिने. एकदा मुलाने दाराच्या फटीतून पाहून येऊन अहवाल दिला, की आत एक पाळणा आहे, मोठी मोठी पातेली आहेत, गणपतीचे मखर आहे, एक खाट आहे, आणि आजोबा त्या खाटेवर घोरत आहेत.

फणसाची हकीकत मात्र सविस्तर सांगितली पाहिजे. चैत्रात फणस धरू लागले तसे अण्णा चुन्याची डबी घेऊन आले आणि हाताला येतील त्या प्रत्येक फणसावर बोटाने क्रमांक घालून गेले. पुढच्या रविवारी मोजदाद झाली. एक ते सहा हजर, आठ ते बारा हजर, सात गैरहजर. अण्णांनी कोणावरही आळ घेतला नाही; ते फक्त झाडाभोवती हात मागे बांधून फिरले, शेजाऱ्यांकडे पाहिले, माकडांना आकडे वाचता येत नसल्याचे नमूद केले आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, ‘कापा होता. बरका असता तर एवढं वाटलं नसतं.’ मी निरपराधी असूनही माझा घसा कोरडा पडला. तेव्हा पत्नी पदर खोचून पुढे झाली आणि तिने पंचनामा उलटा सुरू केला. फणस काढला की देठाला चीक येतो, तो वाळला तरी पांढरा डाग राहतो. तिने खोड बुंध्यापासून वर हात पोचेल तेथवर दाखवले, चिकाचा एकही थेंब नव्हता. सातवा फणस कोणी नेला नव्हता. सहानंतर अण्णांनी सरळ आठ घातला होता.

अण्णा बराच वेळ गप्प होते. ‘मग सात गेला कुठे?’ एवढेच ते म्हणाले, आणि त्यानंतरचे दोन रविवार, जो फणस धरलाच नव्हता त्याविषयी त्यांचा मजवरील संशय संपूर्णपणे गेला आहे असे मला वाटले नाही. मात्र जाताना त्यांनी क्रमांक चार काढून पत्नीच्या हाती दिला.

भाडे बँकेत जमा होत असे, म्हणून ते राहतात कोठे ते पाहण्याचा प्रसंग मला दहाव्या महिन्यात आला. ग्रामपंचायतीची घरपट्टीची पावती द्यायला मी डोंबिवलीस त्यांच्या मुलाच्या घरी गेलो. सातव्या मजल्यावरचे, नवा रंग दिलेले, नीटनेटके घर. मुलगा व सून दोघेही सौजन्याने बोलली. अण्णा बैठकीच्या खोलीत सोफ्याच्या एका टोकाला बसले होते, आणि नातवाचा ऑनलाइन क्लास सुरू होताच विनातक्रार उठून गॅलरीत गेले. त्यांचा सदरा जेवणाच्या खुर्चीच्या पाठीवर होता. मला निरोप द्यायला ते लिफ्टपर्यंत आले, आणि दार मिटता मिटता त्यांनी विचारले, ‘विहीर किती आहे?’

कराराची मुदत वाढवताना त्यांनी दहा टक्के वाढ मागितली. मी पाच म्हणालो, आठावर तुटले.

आषाढात एका बुधवारी, कामाच्या दिवशी, रात्री नवाच्या गाडीने ते अवचित आले. चिंब भिजलेले. मुलाकडे सुनेच्या माहेरची माणसे आली होती, दोन दिवसांचा प्रश्न होता. या खेपेला ते पायरीखाली उभे राहून ‘येऊ का?’ म्हणाले, आणि मी ‘या’ म्हणेपर्यंत खरोखरच थांबले. त्यांची खोली पावसाने दमट झाली होती, म्हणून पत्नीने पडवीत त्यांचे अंथरूण घातले. माजघरातल्या तिसऱ्या खिळ्यावर मुलाचे दप्तर होते. ते काढू लागलो तर त्यांनी हाताने नको म्हटले.

पहाटे काहीतरी ठोकल्याचा आवाज झाला. कर्जतची मालगाडी असेल असे समजून मी कूस बदलली. उठून पाहतो तो अंथरूण घडी घालून ठेवलेले, अण्णा पहिल्या लोकलने गेलेले, खलबत्त्यातला दगडी बत्ता पडवीत येऊन पडलेला, आणि भिंतीत एक नवा, थोडा वाकडा खिळा. त्याला त्यांची छत्री अडकवलेली होती आणि तिच्यातून जमिनीवर अजून पाणी ठिबकत होते.