हार्वेस्टर आहे, माणूस पाहिजे

पुतण्यानं हार्वेस्टर घेतलं तेव्हा रीतसर पूजा झाली, नारळ फुटला, पेढे वाटले. चौदा फुटांचं पातं काढून ट्रॉलीवर ठेवलं तरी ते धूड गल्लीत मावेना. शेजाऱ्याच्या शेवग्याची फांदी गेली. पेढे संपले तसा पुतण्या हळूच म्हणाला, "काका, आता चालवणारा बघा की कुणी." बँक मशीनला कर्ज देते, चालवणाऱ्याला देत नाही.

आमच्या मराठवाड्यात हा प्रश्न आजवर पंजाबच सोडवत आला. मोहालीच्या कारखान्यातून १९८० साली स्वराज ८१०० हे कंबाइन निघालं, तेव्हापासून तिकडं हे यंत्र घरचंच झालं. तिथले लोक आधी इकडचा गहू काढतात आणि वैशाखीला, म्हणजे १३ एप्रिलच्या सुमाराला, स्वतःच्या शेतावर हजर होतात. आमचं गाव त्यांच्या वाटेवरचं.

पण आमच्या पोरांना गावातलाच माणूस हवा होता. पहिला आला जेसीबीवाला. गडी धाडसी. पातं इतकं खाली धरलं, की गव्हाबरोबर बांधाचा धोंडाही कापायला घेतला. दुसरा ट्रकवाला. नाकासमोर सरळ जायचा, मागं म्हणून बघायचा नाही. आणि हार्वेस्टरचं सगळं गणित मागंच पडत असतं. तिसऱ्यानं केबिनला एसी आहे का, एवढंच विचारलं आणि चहा पिऊन गेला.

मग मी माहितीपुस्तिका काढली. गव्हाला ड्रम जोरात फिरवावा, हरभऱ्याला तोच वेग ठेवला तर शेतातच डाळ होते. पंखा जादा झाला की दाणे भुशाबरोबर उडतात, कमी झाला की भुसा टाकीत. सकाळच्या दवात काडी चिवट असते, ड्रमला गुंडाळते. पुतण्यानं सगळं ऐकून घेतलं, निवृत्त मास्तरांचं ऐकतात तसं.

अखेर संगरूरकडचे एक पाजी मिळाले. हंगामाचा ठराव, वर एकरामागं काही, रोज दोन लिटर दूध, आणि ज्वारीची भाकरी नको. पहिला पट्टा झाला, खाली उतरले आणि थेट मागं गेले. भुशाची मूठ उचलली, तळहातावर पसरून फुंकली. चार गहू उरले. मला वाटलं, चारच, झकास! पाजींनी तोंड कडू केलं. वर चढून पंख्याची झडप बोटभर सरकवली. पुढच्या मुठीत एकच दाणा. तो दाढेखाली फोडला, कट्ट आवाज झाला. "सुक्का है," म्हणाले आणि दिवसभर पुन्हा बोलले नाहीत. नुसते कान देऊन बसायचे.

मार्चअखेर त्यांचा पाय ठरेना. घरचा गहू पिवळा पडायला लागला होता. निघाले. आमचा उशिरा पेरलेला गहू मात्र उभा होता. पुतण्या देवाचं नाव घेऊन स्वतःच बसला. दुसऱ्या दिवशी मशीन कण्हायला लागलं. यानं पाजींना फोन लावला आणि काही न सांगता मोबाइल मशीनच्या कुशीला धरला. पलीकडंही कंबाइनचीच घरघर. जरा वेळानं ती थांबली.

"पट्टा ढिल्ला है. बायीं तरफ वाला. और काकाजी को सत श्री अकाल बोलना."

पुतण्यानं डावीकडचा पट्टा अंगठ्यानं दाबला. चांगला तीन बोटं आत गेला.