बारावीची अट, इंजिनिअरांची रांग

पोलीस शिपायाला बारावी पुरते आणि मूळ वेतन २१,७०० रुपयांपासून सुरू होते. तरी २०२४च्या राज्यव्यापी भरतीत १७ हजारांवर पदांसाठी १७ लाखांवर अर्ज आले. रांगेत इंजिनिअरही होते. म्हणजे पगार उत्तमच, असे कुणी म्हणेल. पण हे प्रशस्तिपत्र गृहखात्याला नव्हे, चाकणच्या कारखान्यांतल्या कंत्राटी नोकरीला आहे. ‘शिक्षण कमी, म्हणून पगार कमी’, हेही मान्य. मग त्याच बारावीवाल्याने काही महिन्यांच्या प्रशिक्षणावर भारतीय न्याय संहिता पाठ करावी, सायबर चोर पकडावा आणि तळेगाव-चाकण रस्त्यावरची कोंडीही फोडावी, ही अपेक्षा कोणत्या वेतनश्रेणीत बसते? शिपायांसोबत फुकटात मिळालेल्या पदव्यांच्या जोरावर सरकार हा हिशेब टाळते आहे, इतकेच.