रेषे, हिशेब दे!

प्रति,
गट पाडणारी रेषा,
मुक्काम : लीगचं वेळापत्रक

पत्राच्या सुरुवातीला 'सप्रेम नमस्कार' लिहायची आपल्याकडे रीत आहे. ती मी मोडतो आहे. तुझ्याबद्दल प्रेम नाही, आणि नमस्कार करावा असं तुझ्या हातून आजवर काही घडलेलं नाही.

मी शहागडचा. गोदाकाठचं, सोलापूर-धुळे महामार्गावरचं गाव. पुलाच्या अलीकडे अंबड तालुका, जालना जिल्हा. पूल ओलांडला की गेवराई तालुका, बीड जिल्हा. हद्दीची रेषा कशाला म्हणतात ते आम्हाला कुणी सांगायला नको. इथल्या पोरांना शालेय स्पर्धेत पुढे जायचं तर आधी तालुका, मग जिल्हा, मग विभाग, मग राज्य. मध्येच एक सामना हरला की पिशवी उचलायची आणि एसटी धरायची. पलीकडच्या जिल्ह्याचा विजेता आमच्या उपविजेत्यापेक्षा कच्चा असला तरी पुढे तोच जाणार. ते मी मान्य करतो. एसटीचं भाडं, परीक्षा, पंच, मैदान हे सगळं सांभाळायचं तर शाळांना दुसरा मार्ग नाही. पण जिथे संघ विमानाने फिरतात आणि खेळाडूंवर कोट्यवधींची बोली लागते, तिथे तुझं काय काम होतं?

आधी घरचं बोलू. २०१७ साली प्रो कबड्डी आठ संघांवरून बारावर गेली आणि तू मध्ये पाय रोवलास. 'अ' झोन, 'ब' झोन. दिल्ली, गुजरात, हरियाणा, जयपूर, पुणे, मुंबई एकीकडे. बंगाल, बेंगळुरू, पाटणा, तमिळ, तेलुगू, उत्तर प्रदेश दुसरीकडे. प्रत्येकाचे बावीस सामने, त्यातले पंधरा आपल्याच झोनमध्ये. शेवटी तक्ता लागला तेव्हा पुणेरी पलटणचे ८० गुण होते, बंगाल वॉरियर्सचे ७७. ज्याचे गुण जास्त त्याचा मान वरचा, हे आमच्या गल्लीतलं शेंबडं पोरही सांगेल. तू उलट सांगितलंस. बंगाल 'ब'मध्ये पहिला, म्हणून थेट क्वालिफायरला. पुणे 'अ'मध्ये गुजरातच्या मागे दुसरं, म्हणून एलिमिनेटरला. तिथे हरलं की संपलं.

पुढचे निकाल बघ. क्वालिफायरमध्ये गुजरातने बंगालला ४२-१७ असं धुऊन काढलं, तरी बंगालच्या हातात अजून एक संधी शिल्लक. पुण्याने उत्तर प्रदेशला ४०-३८ असं जेमतेम हरवलं आणि लगेच पुढच्या एलिमिनेटरमध्ये पाटण्याकडून ३२-४२ ने हार पत्करली. दुसरी संधी नाही. पाटणा त्याच खडतर वाटेने येऊन अजिंक्यपद घेऊन गेला, त्यांच्या परदीप नरवालच्या चढायांचं श्रेय कुणीच हिरावू शकत नाही. पुणे त्या दिवशी कमी पडलं, हेही खरं. पण साखळीत जास्त गुण कमावलेल्या संघाला हरायची मुभा नाही आणि कमी कमावलेल्याला आहे, याला न्याय म्हणायची तुझी हिंमत कशी झाली?

आता तुझ्या मूळ घरी जाऊ. अमेरिकेच्या एनबीएत तू बास्केटबॉलच्या तीस संघांची पूर्व आणि पश्चिम अशी वाटणी केली आहेस. पंधरा इकडे, पंधरा तिकडे, दोन्हीकडून आठ-आठ पुढे प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत. २०१३-१४ चा हंगाम आठव. फिनिक्स सन्स हा संघ तळाला राहणार असं जाणकारांचं भाकीत होतं. गोरान द्रागिचसारख्यांनी ते खोटं पाडलं आणि ८२ पैकी ४८ सामने जिंकले. पूर्वेत तिसऱ्या आलेल्या टोरांटोचे विजय किती? तेही ४८. टोरांटो तिसरा म्हणून दिमाखात आत. फिनिक्स पश्चिमेत नववा म्हणून घरी. आणि पूर्वेचा आठवा संघ अटलांटा ३८ विजय, ४४ पराभव घेऊन प्लेऑफमध्ये. जिंकण्यापेक्षा हरलेला जास्त, तोही दहा विजयांनी मागे! फिनिक्सची दारं बंद केली मेम्फिसने, ९७-९१ ने हरवून. ते मेम्फिस शहर मिसिसिपी नदीच्या पूर्व काठावर आहे, तरी तुझ्या हिशेबात ते पश्चिम. नदीकाठच्या माणसाला तू भूगोल शिकवू नकोस.

तुझे वकील दोन मुद्दे घेऊन येतात. पहिला असा की प्रत्येक संघ आपल्या भागात ५२ सामने खेळतो आणि पलीकडच्यांशी फक्त ३०, म्हणून दोन बाजूंचे विजय एका तराजूत घालता येत नाहीत. कबूल. मग त्या वर्षी तगडी बाजू कुठली होती ते सांग. पूर्व-पश्चिम लढतींत पश्चिमेने साठ टक्क्यांहून जास्त सामने जिंकले होते. म्हणजे फिनिक्सचे ४८ विजय अवघड पेपरातले होते आणि अटलांटाचे ३८ सोप्या पेपरातले. मुद्दा तुझ्याच अंगावर उलटतो. दुसरा मुद्दा असा की अटलांटाने पुढे इंडियानासारख्या पूर्वेच्या अव्वल संघाला सातव्या सामन्यापर्यंत झुंजवलं. झुंजवलं, आणि त्याबद्दल त्यांचं कौतुकच आहे. पण फिनिक्सने काय केलं असतं हे कळायचा रस्ताच तू बंद केलास.

२०२०-२१ पासून तुला 'प्ले-इन'चं ठिगळ लागलं. सातव्यापासून दहाव्यापर्यंतच्या संघांना आणखी एक झुंज. त्यातून २०२३ मध्ये मायामी आठवा म्हणून आत आला आणि थेट अंतिम फेरी गाठली. तळाच्या संघांतही दम असतो हे त्याने दाखवलं. तरी ठिगळ दोन्ही बाजूंना वेगवेगळंच; पूर्वेचा दहावा पश्चिमेच्या अकराव्यापेक्षा कितीही दुबळा असो, दार त्यालाच उघडतं. शिवाय ८२ सामन्यांची मेहनत करून सातवा आलेला संघ दोन संध्याकाळींत बाहेर पडू शकतो. तुझी चूक झाकायला त्याच्या घामाचा बळी.

तुझ्याशिवाय चालत नाही, हे तर सांगूच नकोस. अमेरिकेच्याच महिला लीगने, डब्ल्यूएनबीएने, २०१६ पासून पूर्व-पश्चिम न बघता पहिले आठ संघ प्लेऑफला घेतले. आपल्या प्रो कबड्डीने दोन हंगाम तुला पोसलं आणि २०१९ ला हाकलून दिलं. त्या हंगामात बारा संघ, प्रत्येकाशी दोन सामने, एक तक्ता, पहिले सहा पुढे. कबड्डीचं काही बिघडलं नाही. उलट आता मॅटवर कोण कितव्या नंबरला आहे ते आमच्या पारावरच्या म्हाताऱ्यालाही एका नजरेत कळतं.

एनबीएचे कमिशनर अ‍ॅडम सिल्व्हर यांनी एक ते सोळा अशा सरळ क्रमवारीचा विचार जाहीरपणे बोलून दाखवला आहे. लांबच्या प्रवासाची अडचणही त्यांनीच सांगितली आहे. अडचण खरी आहे. बोस्टन ते पोर्टलंड हे काही शहागड ते अंबड नव्हे. म्हणून माझी मागणी माफक आहे. साखळीच्या वेळापत्रकात तू राहा, प्रवास वाचव, शेजाऱ्यांच्या खुन्नशीचे सामने लाव. प्लेऑफची यादी करायच्या दिवशी मात्र बाजूला हो. तीस संघांचा एक तक्ता, वरचे सोळा आत. २०१४ ला एवढं केलं असतं तर एकच अदलाबदल झाली असती : अटलांटा बाहेर, फिनिक्स आत.

आणि आपल्याकडे नवी लीग काढणाऱ्यांनो, बास्केटबॉलची असो, खो-खोची असो की कबड्डीची, संघ वाढले म्हणून हिला पुन्हा घरात घेऊ नका. घ्यावीच लागली, तर नियमावलीत पहिल्याच पानावर लिहा : पात्रता एकाच तक्त्यावर ठरेल.

– एक प्रेक्षक,
शहागड, ता. अंबड, जि. जालना