व्याहीबुवांच्या भोजनाची तजवीज

यवतमाळ जिल्ह्यातील मनुष्य मुंबईस जातो तो मंत्रालयात अडकलेल्या कागदासाठी किंवा रुग्णालयात अडकलेल्या नातलगासाठी. केवळ शहर पाहावे म्हणून जाणारा विरळा. ज्या जिल्ह्याने वसंतराव नाईकांच्या रूपाने १९६३ पासून १९७५ पर्यंत आणि पुढे १९९१ मध्ये सुधाकरराव नाईकांच्या रूपाने पुन्हा एकवार राज्यास मुख्यमंत्री पुरविला, त्या जिल्ह्याच्या रहिवाशास राजधानीत पाऊल ठेवताच ‘आता जेवावयाचे कोठे?’ ही विवंचना पडावी, हा इतिहासाचा कृतघ्नपणा होय. परंतु पडते खरी. एकट्या माणसास ती फारशी छळीत नाही, कारण दादर स्थानकाबाहेर १९६६ च्या सुमारास अशोक वैद्य यांनी पावाच्या पोटात वडा घालून तो प्रश्न कायमचा निकालात काढला आहे. माझ्यासमवेत मात्र आमचे दिग्रसचे व्याही होते, आणि व्याह्यांच्या हाती वडापाव ठेवणारा मुलीचा बाप वऱ्हाडात अद्याप जन्मास यावयाचा आहे.

व्याहीबुवांचे एक अपील वरिष्ठांकडे पडून होते व त्यांची मुंबईशी ओळख नव्हती. माझी होती, असा समज मीच पूर्वी सोयरिकीच्या बैठकीत करून दिला होता, सबब बरोबर जाणे प्राप्त झाले. आता माफक दराचे भोजनगृह शोधणे ही गोष्ट स्वतंत्रपणे कठीण नाही. परंतु ज्याचे पदार्थ व्याह्यांच्या प्रतिष्ठेस शोभतील, ज्याचे बिल माझ्या निवृत्तिवेतनास सोसवेल, आणि आपण दर पाहून आत शिरलो आहोत याचा सुगावा ज्याच्या दारावरील फलकावरूनही लागणार नाही, असे भोजनगृह शोधावयाचे म्हटले म्हणजे भल्याभल्या मुंबईकरांचीही मती गुंग होईल.

धामणगावास विदर्भ एक्सप्रेस धरली तेव्हा तिखट पुऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी यांची शिदोरी सोबत होती, परंतु ती शिवाजी टर्मिनसच्या आत संपली. सकाळच्या फराळासाठी मी व्याहीबुवांना धोबी तलावाजवळ १९०४ पासून चालत आलेल्या कयानींच्या इराणी हॉटेलात नेले. इराण्याचे दुकान बहुधा कोपऱ्यावर असते; कोपऱ्याची जागा अशुभ मानून आपल्या लोकांनी ती सोडून दिली आणि इराण्याने ती घेऊन तेथे दोन रस्त्यांचे गिऱ्हाईक ओढले, अशी त्याची कथा सांगतात. मी ती सांगत असता व्याहीबुवांचे लक्ष समोरच्या ब्रूनपावाकडे होते. त्यांनी तो बोटाने ठोकून पाहिला, नंतर आपल्या कवळीचा विचार केला, आणि माझ्याकडे अशा दृष्टीने पाहिले, की मुलीच्या सासरी काही गैरसमज होण्यापूर्वीच मी तो तुकडा चहात बुडवून दाखविला. त्यांनीही बुडविला. पावाचे लोणी विरघळून चहाच्या पृष्ठभागावर त्याची पिवळी वर्तुळे तरंगू लागली, एकमेकांस चिकटू लागली, आणि व्याहीबुवांची मुद्रा प्रथमच प्रसन्न झाली.

“इवाईबुवा,” ते म्हणाले, “चहाले तर्री आली!”

दुपारी, कागद दुसऱ्या मजल्यावरून चौथ्यावर गेल्याची शुभवार्ता ऐकून आम्ही बाहेर पडलो, तेव्हा फोर्टातील यच्चयावत कारकून एकाच वेळी क्षुधित झाले होते. एका हॉटेलात खाली गर्दी होती. वर वातानुकूलित विभाग होता, तेथे तीच राइस प्लेट अधिक दराने मिळे, आणि तो अधिक आकार थंडाव्याचा असल्याने भूक भागविण्याच्या कामी निरुपयोगी होता. “वरती कोंदट वाटते,” असे म्हणून मी खालचा मजला पसंत केला. परंतु खाली, आम्ही भाताचा पहिला घास घेतो न घेतो तोच, दोन गृहस्थ आमच्या खुर्च्यांच्या पाठीवर हात टेकवून उभे राहिले आणि आमच्या वाटीतील आमटी कितपत उरली याची पाहणी करू लागले. मुंबईत याने शिष्टाचारास बाध येत नाही. व्याहीबुवांनी मात्र मागे वळून, “या, बसा, जेवाले बसा,” असे वऱ्हाडी रीतीने त्यांस आग्रहपूर्वक निमंत्रण दिले. आणि ते गृहस्थ इतके गोंधळले, की आम्हांस पुढील पंधरा मिनिटे निर्वेधपणे मिळाली. एवढी जागा मुंबईत सहसा पैसे देऊनही मिळत नाही.

रात्री एका मालवणी खानावळीत गेलो. दरपत्रक वाचण्यास मी चष्मा काढला, आणि सर्व जिनसांचे दर मनासारखे आढळल्यामुळे निर्धास्त होत असता पापलेटपुढे आकड्याऐवजी ‘ए.पी.एस.’ अशी अक्षरे दिसली. आकार पाहून दर, असा त्याचा अर्थ वाढप्याने सांगितला. कापसाचा भाव धाग्याच्या लांबीवरून ठरतो हे आयुष्यभर पाहिलेल्या व्याहीबुवांना ही पद्धत तत्काळ पटली व त्यांनी मासा प्रत्यक्ष पाहण्याची इच्छा प्रकट केली. ताटलीत दोन पापलेटे आली. दर विचारणे मला शोभत नव्हते, आणि माझ्यादेखत विचारणे त्यांना शोभत नव्हते. त्यामुळे आम्ही दोघेही त्या माशांकडे काही काळ निव्वळ सौंदर्यदृष्टीने पाहत राहिलो. अखेर, “रात्री जड होईल,” असा निर्णय व्याहीबुवांनी दिला, आणि त्या क्षणी आपण मुलगी चांगल्या घरी दिली याची माझी खात्री पटली. बांगड्याचे ताट माफक दरात उत्कृष्ट होते. सोलकढी त्यांनी दोनदा मागितली.

त्या जेवणानंतर त्यांनी जो प्रश्न विचारला तो मला अद्याप सोडीत नाही. या गावात कोकण्याची खानावळ आहे, उडुप्याचे हॉटेल आहे, इराण्याचे आहे. मग आपल्या वऱ्हाड्याची खानावळ काहून नाही? निदान आमच्या दृष्टीस तरी एकही पडली नाही. विचार करू जाता त्याची मीमांसा मला अशी वाटते, की मुंबईत स्वस्त आणि चांगले अन्न तेथेच पिकले, जेथे घरदार मागे ठेवून आलेला एकटा पुरुष उपाशी उभा होता. १८५६ मध्ये पहिली कापडगिरणी सुरू झाल्यापासून तेथे राबावयास रत्नागिरीचा आला, साताऱ्याचा आला, आणि बायकामुले गावी राहिल्यामुळे त्यास जेवू घालणे हा गिरणगावातील बायकांचा व्यवसाय झाला. सावकारी व्याजाखाली पिचलेल्या याच खानावळवाल्यांस १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणले. वऱ्हाडातून त्या गिरण्यांकडे काय गेले? कापूस गेला. तो वाहून न्यावा म्हणून इंग्रज कंपनीने यवतमाळ ते मूर्तिजापूर अशी चिमुकली शकुंतला रेल्वे घातली; रुईच्या गाठी तीत चढल्या, आणि गाठी चढविणारा मनुष्य काळ्या मातीच्या भरवशावर घरी परतून वांग्याची भाजी व भाकर खाऊन झोपला. कापसास भूक लागत नाही, त्यामुळे त्याच्यामागून आचारी गेला नाही. आम्ही मुंबईस वस्त्र पुरविले. अन्नाचे खाते कोकणाने आणि कारवारपलीकडच्या मंडळींनी सांभाळले.

या उपपत्तीची प्रचिती दुसऱ्या दिवशी माटुंग्यास आली. स्थानकाजवळ रामा नायक यांनी १९४२ मध्ये काढलेले उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग आहे. ‘बोर्डिंग’ या नावातच घरापासून दूर असलेल्या माणसाची सोय दडलेली आहे. केळीच्या पानावर भाजी, कोशिंबीर, सांबार, रसम् आणि वर तुपाची धार, असा तो थाट पाहून व्याहीबुवांनी मांडी घालता येईल का याची चाचपणी केली. जेवण पोटभर, दर रास्त, जागा निर्मळ. प्रतिष्ठा आणि निवृत्तिवेतन यांची एका पानावर गाठ पडलेली मी प्रथमच पाहत होतो. मी हात धुवावयास गेलो तेवढ्यात गल्ल्यावर जाऊन त्यांनी पैसे चुकते केले. बाहेर येऊन आमच्यात जे द्वंद्व झाले ते पाहावयास चार माणसे जमली. नोट माझ्या खिशातून त्यांच्या खिशात आणि तेथून परत माझ्या खिशात, अशी अनेक वेळा फिरून शेवटी एका तृतीय पक्षाच्या, म्हणजे टॅक्सीवाल्याच्या, स्वाधीन झाली.

परतीच्या गाडीत व्याहीबुवांनी योजना मांडली: कॉटन ग्रीनला, जेथे आपला कापूस विकला गेला तेथेच, वऱ्हाडी खानावळ काढावयाची. पाटवड्या, डाळभाजी, गोळाभात, ठेचा आणि तर्री. कल्याण येईपर्यंत भांडवलाची तजवीज झाली, कसारा घाटात दरपत्रक ठरले, आणि त्यात ‘ए.पी.एस.’ कोठेही लिहावयाचे नाही असा ठराव एकमताने संमत झाला. नंतर मुंबईस जाऊन राहणार कोण, या कलमाशी बोलणी येऊन थांबली.

“तुमच्या जावयाले धाडा,” व्याहीबुवा म्हणाले.

“जावई माझे खरे,” मी म्हणालो, “पण चिरंजीव आपले.”

“मंग नोको,” ते म्हणाले. “तिकडे त्याच्या जेवनाचे हाल होतीन.”