अंगठी मोडली नाही हो!

काकू, या ना जरा इकडे. टेका भिंतीला, ओली नाहीये. परवा भिशीत कुजबुज चालली होती ना, अण्णांच्या बोटात अंगठी दिसत नाही, जुनी गाडी विजेवर करण्यापायी सोनं मोडलं म्हणून? काही मोडलेलं नाही. देवघरात ठेवलीये. खुद्द वहिनींनी सांगितलं मला.

अहो, त्या बॅटरीच्या सेलच्या दोन टोकांना चुकून अंगठी टेकली तर लालबुंद होते, बोटासकट! म्हणून गॅरेजात शिरायच्या आधी अंगठी, घड्याळ, सगळं उतरवायचं. पान्यांनासुद्धा चिकटपट्टी गुंडाळलीये. 32 सेल आहेत. एकेक जेमतेम 3.2 व्होल्टचा, पण ओळीनं जोडले की शंभराच्या वर जातात. आणि डीसी 60 व्होल्टच्या पुढे गेला की जिवाशी खेळ. मला कसं माहीत? आमचे हे रोज संध्याकाळी तिथेच असतात की, टॉर्च धरायला.

हो, तीच फियाट. पद्मिनी, हँडगियरची, कुर्ल्याच्या कारखान्यातली. तिचं 1089 सीसीचं इंजिन उतरवलं तेव्हा पोर्चमध्ये तेलाचा एवढा डाग पडला, अजून निघाला नाही. आणि मोटर बसवायला काय लागतं, असं म्हणू नका. मोटर फिरते हो, पण गियरबॉक्सला जोडायची कशी? दोघांचे बोल्ट कुठे जुळतात! मध्ये ॲल्युमिनियमची जाड प्लेट लागते, ती भोसरीहून लेथवर करून आणली. मधलं भोक केसभर जरी सरकलं तरी गाडी थरथरते, बेअरिंग जातं. पहिली प्लेट तशीच वाया गेली. वहिनींच्या तुळशीच्या कुंडीखाली आहे बघा, चांगली शोभते.

गियर ठेवलेत, पण बदलायची गरजच पडत नाही. दुसऱ्यात टाकली की निघाली. क्लच तर काढूनच टाकला, कारण गाडी थांबली की मोटरही थांबते, बंद पडायची भीतीच नाही.

पैसा म्हणाल तर सगळा त्या सेलमध्ये. दहा युनिट वीज भरली की साठ-सत्तर किलोमीटर जाईल म्हणे. त्या पैशात पेट्रोल किती वर्षं पुरलं असतं, एवढंच मी विचारलं, तर ह्यांनी दोन दिवस माझ्याशी धड बोलणं टाकलं.

आणि खरी गंमत पुढेच आहे. गाडी रस्त्यावर न्यायची नाही! घरी जुळवलेलं चालत नाही. किट तपासून पास झालेलं हवं, अधिकृत माणसानं बसवलेलं हवं, मग आरटीओ आरसीवर पेट्रोल खोडून वीज लिहिणार, मग ती हिरवी नंबरप्लेट. बरं, तपासणारी एआरएआय कुठे? आपल्या डोक्यावर, वेताळ टेकडीवर! पण तिथे कंपन्यांची किटं जातात. एकट्या अण्णांची फियाट कोण दारात उभी करून घेणार?

मग काय, रोज संध्याकाळी गेटपासून पेरूच्या झाडापर्यंत फेरी. काल मला बसवलं. आवाज म्हणून नाही, नुसती सूं सूं. वहिनी मागच्या सीटवर मटार सोलत होत्या. म्हणाल्या, "पेट्रोलवर होती तेव्हा कधी महाबळेश्वरला नेलं नाही, आता विजेवर पेरूपर्यंत नेतात."