कार्ड टाका म्हणे!

दहावीचा निकाल लागला की मिरजेत दोन गोष्टींची चौकशी सुरू होते. एक अकरावीच्या क्लासची, दुसरी ग्राफिक कार्डाची. पहिली आई-वडील करतात. दुसरी, ज्याचा निकाल लागलाय तो. "पप्पा, पीसी लई लॅग मारायलाय. कार्ड टाकायला लागतंय."

'कार्ड टाका' हा आमच्याकडचा रामबाण. गेम अडखळला, कार्ड टाका. पीसी चालू होईपर्यंत चहा पिऊन होतो, कार्ड टाका. वडिलांचं एक्सेल उघडेना, तरी शेजारचा सुचवतो, "कार्ड टाकून बघा की काका."

पीसी कुठला, तर २०१४-१५च्या सुमाराला 'अभ्यासासाठी' म्हणून असेंबल करून घेतलेला. चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह, आठ जीबी डीडीआर-थ्री रॅम, एक टीबी हार्ड डिस्क, साडेअठरा इंची मॉनिटर. थोरल्यानं त्यावर अभ्यास केला आणि तो पुण्याला गेला. धाकट्यानं त्यावर जीटीए फाइव्ह घातला आणि तो इथंच आहे. हा गेम पीसीवर आला २०१५ साली, म्हणजे यंत्र आणि गेम एकाच बॅचचे. तक्रार तिथं नाहीच. तक्रार नव्या गेमची आहे, आणि सल्लागार भरपूर आहेत. पुण्याचा चुलतभाऊ कार्ड सांगतो, दुकानदार कार्ड सांगतो, यूट्यूबवरचा दिल्लीवाला तर ओरडून सांगतो.

गंमत म्हणजे हे चालतं कुठल्या गावात? जिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली जीआय मानांकन मिळालं, त्या गावात. सतारमेकर गल्लीत तंबोरा घेऊन जा आणि म्हणा, आवाज बसलाय. कारागीर लगेच भोपळा बदला म्हणणार नाही. आधी तार छेडेल, कान देईल, आणि बऱ्याचदा घोडीवर कानस फिरवून नुसती जवारी काढून देईल. त्याच गल्लीच्या तोंडाशी उभा राहून आमचा गडी मात्र न ऐकता, न बघता थेट भोपळाच बदलायला निघालेला असतो.

ऐकायचं कसं? कंट्रोल, शिफ्ट, एस्केप ही तीन बटणं एकदम दाबायची. टास्क मॅनेजर उघडतो. त्याला पैसे पडत नाहीत, म्हणूनच बहुतेक तो कुणी उघडत नसावं. गेम चालू ठेवून बघा. डिस्क १०० टक्क्यांवर ठाण मांडून बसली असेल तर रोग हार्ड डिस्कचा. साधी साटा एसएसडी सेकंदाला पाचशे एमबीच्या पुढं वाचते, जुनी फिरती डिस्क शे-दीडशेवरच दमते. प्रोसेसर १०० आणि कार्ड ५० दाखवत असेल, तर नवं कार्ड आणून तुम्ही फक्त त्याला रिकामं बसायची जास्त जागा करून द्याल. कार्ड ९८-९९वर आणि प्रोसेसर निवांत, असं दिसलं तरच पप्पांकडं जा.

आता ज्याच्याविषयी कुणीच बोलत नाही त्याच्याविषयी. एसएमपीएस. कॅबिनेटबरोबर फुकट आलेला, पीसीला वीज पुरवणारा तो पत्र्याचा डबा. त्याच्यावर मोठ्या अक्षरात '४५० वॅट' छापलेलं असतं, आणि लग्नपत्रिकेतल्या पदव्यांवर जेवढा विश्वास ठेवावा तेवढाच त्यावर ठेवावा. खालचा बारीक तक्ता वाचा. बारा व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते बघा आणि बारानं गुणा. १६ अँपिअर लिहिले असतील तर उत्तर १९२ वॅट. बाकीचे वॅट कुठं गेले, हे छापणाऱ्याला विचारा. आता त्यावर कुणाच्या तरी सांगण्यावरून जुनं आरएक्स ५८० चढवलं, तर ते कार्ड एकटं १८५ वॅट मागतं आणि तुमचा आय-फाइव्ह ८४. बेरीज तुम्हीच करा, दहावी झालीय.

त्यात आमची वीज. एप्रिल-मेमध्ये वळवाचा पाऊस यायच्या आधी ढग गडगडतात आणि गडगडण्याआधीच लाईट डोळे मिचकावायला लागते. जुन्या वाड्यांत अर्थिंगचा पत्ता नसतो. अनवाणी पायानं कॅबिनेटला हात लावला की बोटांना झिणझिण्या येतात, आणि घरातले सगळे म्हणतात, "थोडा करंट येतोय, काय होत नाही." होतं. आज ना उद्या होतं, आणि तेव्हा डबा एकटा जात नाही, बोर्डाला सोबत घेऊन जातो. वायरमन बोलावून अर्थिंग करून घेणं हे मिरजेतलं सगळ्यात उत्तम गेमिंग अपग्रेड आहे. त्याला रंगीत दिवे नसतात, एवढाच दोष.

कार्डच घ्यायचं ठरलं तर वॅट बघून घ्या. मदरबोर्डाच्या स्लॉटमधून ७५ वॅट मिळतात. जीटीएक्स १६५०ची बरीच मॉडेल्स तेवढ्यावर भागवतात, आरटीएक्स ३०५०चं सहा जीबीचं मॉडेल ७० वॅटवर. वेगळी वायर लागत नाही, म्हणजे जुन्या डब्याचा जीव थोडक्यात वाचतो. जीटीएक्स १०५० टीआय स्वस्तात मिळतंय म्हणून उडी मारू नका. एनव्हिडियानं त्या पिढीला नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर देणं ऑक्टोबर २०२५ला थांबवलं. आता येतील ते फक्त सुरक्षेचे. आणि कुणी 'नुसतं घरी वापरलेलं, एकदम फ्रेश' आरएक्स ५८० दाखवलं तर तारीख आठवा. सप्टेंबर २०२२ला इथेरियमचं मायनिंग बंद पडलं आणि रात्रंदिवस राबलेली कार्डं जुन्या बाजारात उतरली. ती सगळी 'घरी वापरलेली'च होती. घर कुणाचं, एवढंच विचारायचं राहिलं.

रॅमचं दुःख वेगळं. एकेकाळी सगळ्यात स्वस्त अपग्रेड तेच होतं. आता एआयच्या डेटा सेंटरांनी चिप गिळायला सुरुवात केलीय आणि भाव चढलेत. डिसेंबर २०२५मध्ये मायक्रॉननं तर क्रुशियल हा तुमच्या-आमच्यासाठीचा ब्रँडच गुंडाळत असल्याचं सांगितलं. म्हणजे अमेरिकेत कुणीतरी चॅटबॉटला कविता करायला सांगतो आणि मिरजेत रॅमची पट्टी महागते. घ्यायचीच तर असलेल्या पट्टीला जोडीदार घ्या. दोन पट्ट्या एकीपेक्षा बऱ्या चालतात, दोन्ही चॅनेल कामाला लागतात. फक्त डीडीआर-थ्रीच्या खाचेत डीडीआर-फोर बसत नाही. दाबून तर मुळीच नाही.

पण खरी अडचण पुढं आहे. विंडोज १०चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. विंडोज ११ला इंटेलची आठवी पिढी लागते, आपली चौथी. जुगाड करून ११ घातलं तरी व्हॅलोरंटसारखा गेम दारातच टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय मागतो आणि बाहेर काढतो. म्हणजे या पीसीवर एसएसडी आणि बरा एसएमपीएस यापलीकडं पैसे घालू नयेत, असं माझं स्पष्ट मत. हे दोन्ही उद्या नव्या पीसीतही बसतात. रॅम नाही, बोर्ड नाही, प्रोसेसर नाही.

ज्यांच्याकडं रायझनचा एएम-फोर बोर्ड आहे ते भाग्यवान. २०१८च्या बी-४५०वरही बायोस अपडेट करून रायझन ५६०० बहुधा बसतो. अपडेट करताना मात्र पीसी इन्व्हर्टरवर घ्या. अर्ध्यात लाईट गेली तर बोर्डाचं नुसतं तगाड उरतं.

आणि तो साडेअठरा इंची मॉनिटर. तो सेकंदाला साठच चित्रं दाखवतो. तुम्ही १४० फ्रेम काढल्या काय नि २०० काढल्या काय, उरलेल्या त्याला दिसतच नाहीत. तरी लेकरू कोपऱ्यातला एफपीएसचा आकडा बघून खूश होतं. आकडा बघायचा नाद लागलाय, मग गुणपत्रिका तरी वेगळी काय असते?

तेव्हा मंडळी, या रविवारी बाजूचं झाकण काढा, पंखा बोटानं धरून ब्लोअर मारा, धूळ बाहेर काढा, प्रोसेसरवर नवी थर्मल पेस्ट लावा. मग टास्क मॅनेजर. मग वायरमन. कार्डाचं दिवाळीला बघू. आणि बदललेला जुना डबा 'चालू कंडिशन' लिहून ऑनलाइन विकायला काढू नका. घेणारा सांगलीचाच निघतो, आणि परत यायला त्याला अर्धा तास पुरतो.